कोरीव दगड आणि गुप्तधनाची समजूत

जुन्या कोरीव दगडांवरील चिन्हे ही पुरलेल्या संपत्तीच्या खुणा किंवा नकाशे आहेत, अशी समजूत महाराष्ट्राच्या अनेक भागांत आढळते. शिलालेख, गधेगाळ, वीरगळ, सतीशिळा, हद्दीचे दगड, भूमापनाच्या खुणा आणि कातळशिल्पे अशा भिन्न काळांतील व भिन्न हेतूंच्या दगडांना ही समजूत एकाच मापाने मोजते. त्यातून दगडांची उलथापालथ व तोडफोड होते, जादूटोण्याचे प्रकार घडतात आणि प्रसंगी मनुष्यहत्याही होते. अमेरिकेत हरवलेल्या स्पॅनिश खजिन्याचे नकाशे म्हणून गाजलेले 'पेराल्टा दगड' हे याच समजुतीचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. महाराष्ट्रात अभ्यासल्या गेलेल्या कोरीव दगडांचा मजकूर दान, हद्द, पराक्रम आणि श्रद्धा यांविषयीचा आहे.

संज्ञा

जमिनीत किंवा भिंतीत दडवलेल्या व मालक अज्ञात असलेल्या धनाला मराठीत गुप्तधन, भूमिगत धन किंवा नुसते 'धन' म्हणतात. कायद्याच्या भाषेत त्यासाठी 'निखात निधी' हा शब्द आहे. धन कोठे ठेवले आहे हे सांगणाऱ्या सांकेतिक लेखाला 'बीजक' म्हणतात. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या 'गंगाजळी' नावाच्या राखीव खजिन्यासंबंधी अशा बीजकाची परंपरा सांगितली जाते. जयाजीराव शिंदे १८८६ साली निवर्तले तेव्हा त्यांचे पुत्र माधवराव हे लहान होते आणि बीजकाचे रहस्य त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, असे घराण्याच्या आठवणींत नमूद आहे. ही परंपरा लक्षात घेण्याजोगी आहे; कारण धन खरोखर दडवणारा त्याची खूण गुप्त ठेवतो, गावाच्या वेशीवर उभी करीत नाही.

गुप्तधनाभोवती लोकसमजुतींचे मोठे जाळे आहे. धनावर नाग पहारा देतो, धनाचे हंडे जागा बदलतात व त्यांचा आवाज ऐकू येतो, पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतील धन दिसते, मांडूळ जातीचा साप धनाची जागा दाखवतो, अशा कल्पना पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. कोरीव दगड या जाळ्यात 'खूण' म्हणून येतो.

पेराल्टा दगड

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सुपरस्टिशन नावाचे डोंगर आहेत. मेक्सिकोतील पेराल्टा घराण्याने तेथे सोन्याच्या खाणी चालवल्या, १८४८ च्या सुमारास अपाची लोकांनी त्यांच्या माणसांना ठार मारले आणि सोने तेथेच राहिले, अशी आख्यायिका आहे. पुढे १८९१ साली मरण पावलेल्या जेकब वॉल्ट्झ या जर्मन स्थलांतरिताला ती खाण सापडली होती, अशी भर त्यात पडली. ही खाण शोधण्यासाठी गेलेल्या काही जणांनी प्राण गमावले. १९३१ साली बेपत्ता झालेल्या ॲडॉल्फ रूथ या शोधकाचे अवशेष नंतर डोंगरात सापडले.

१९४९ साली फ्लॉरेन्स जंक्शन या ठिकाणाजवळ काही कोरीव दगड सापडल्याचे सांगण्यात आले. त्यांवर रेषा, घोडा, धर्मगुरूसारखी एक आकृती, हृदयाचा आकार, १८४७ हा आकडा आणि स्पॅनिश भाषेतील काही शब्द आहेत. १९६४ साली 'लाइफ' या नियतकालिकात त्यांची माहिती आल्यानंतर त्यांना मोठी प्रसिद्धी मिळाली. मात्र स्पॅनिश मजकुरातील ढोबळ चुकांवरून व कोरण्याच्या पद्धतीवरून बहुतेक अभ्यासक हे दगड अर्वाचीन काळातील बनावट मानतात. या दगडांच्या आधारे आजवर कोणालाही खाण सापडलेली नाही.

याउलट स्पेनची बुडालेली संपत्ती खरोखर सापडल्याचे उदाहरण कागदपत्रांच्या अभ्यासाशी निगडित आहे. १६२२ साली फ्लोरिडाजवळ वादळात बुडालेल्या 'आतोचा' या जहाजाचा मुख्य साठा मेल फिशर यांच्या चमूला १९८५ साली सापडला. यूजीन लायन या इतिहासकाराने सेव्हिल येथील दप्तरखान्यातील जुन्या नोंदी वाचून शोधाची जागा निश्चित करण्यास मोठी मदत केली होती.

उत्तर कोकण आणि करावे परिसर

नवी मुंबईतील करावे हे खाडीकाठचे जुने आगरी-कोळी गाव आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर नव्या शहरासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्यात आल्या, त्यांपैकी ते एक होय. या गावाच्या जवळच बेलापूरचा किल्ला आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे व इंग्रज अशा चार सत्तांचा त्याच्याशी संबंध आला. या किल्ल्यापासून समुद्राखालून घारापुरी बेटापर्यंत भुयार असल्याची दंतकथा सांगितली जाते. भुयाराच्या अशा कथा महाराष्ट्रातील बहुतेक किल्ल्यांशी जोडलेल्या असून त्यांच्या मागोमाग खजिन्याची कथा येते.

या किनाऱ्यावर 'पोर्तुगीज खजिना' ही कल्पना रुजण्यास इतिहासाचा आधार आहे. वसई, चौल, साष्टी हा प्रदेश दीर्घकाळ पोर्तुगीजांकडे होता. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्या राजाकडेच असल्यामुळे त्या साठ वर्षांत या किनाऱ्याचा अधिपती स्पेनचा राजाच होता. तथापि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली तेव्हा तहाच्या अटींनुसार पोर्तुगीजांना आपली जंगम मालमत्ता घेऊन जाण्याची मुभा मिळाली होती. वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या जमिनीत बसवलेल्या कोरीव शिळा या तेथे पुरलेल्या व्यक्तींची नावे सांगणाऱ्या समाधिशिळा आहेत.

करावे येथून खाडीपलीकडे असलेल्या उरण तालुक्यातील चाणजे येथील शिलालेख या विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. येथे शिलाहार राजांचे दोन लेख मिळाले आहेत. शके १०६० (इ.स. ११३८-३९) मधील पहिला लेख अपरादित्य राजाचा असून त्यात आईच्या पुण्यासाठी दिलेल्या जमिनीच्या दानाची नोंद आहे. शके ११८२ (इ.स. १२६०) मधील दुसरा लेख सोमेश्वर राजाचा आहे. चाणजे येथील एका बागेचे ठरीव उत्पन्न, म्हणजे १६२ पारुत्थ द्रम्म, श्रीस्थानक अर्थात ठाणे येथील उत्तरेश्वर महादेवाला दिल्याचे त्यात सांगितले आहे. द्रम्म हे चांदीचे नाणे होते. दगडावर पैशाचा उल्लेख आहे हे खरे. परंतु तो दरवर्षी देवस्थानाला पोहोचवायच्या उत्पन्नाचा आहे. शेजारच्या रानवड येथेही सोमेश्वराचा शके ११८१ चा लेख मिळाला आहे. शिलाहारांचे हे लेख वा. वि. मिराशी यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकत्र संपादित केले.

खूण समजले जाणारे दगड व त्यांचा खरा अर्थ

गधेगाळ

गुप्तधनाच्या समजुतीत सर्वाधिक सापडणारा दगड म्हणजे गधेगाळ. उत्तर कोकणात शिलाहार काळापासून अशा शिळा उभारल्या जात व पुढील राजवटींतही ही प्रथा काही शतके टिकून होती. गधेगाळाचे सामान्यतः तीन भाग असतात. वरच्या भागात चंद्र, सूर्य आणि पुष्कळदा मंगलकलश असतो. मधल्या भागात दानाचा लेख असतो; काही शिळांवर हा भाग कोराच असतो. खालच्या भागात गाढव व स्त्री यांचे शिल्प असते.

चंद्र-सूर्य म्हणजे 'आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर' हे दान चालावे, ही घोषणा होय. कलश हे मांगल्याचे चिन्ह आहे. खालचे शिल्प ही शापवाणी आहे: हे दान जो मोडील त्याच्या मातेची विटंबना होईल, असा धाक त्यातून घातला जाई. लिहिता-वाचता येणारे लोक अत्यल्प असलेल्या समाजात लेखातील आज्ञा सर्वांपर्यंत पोहोचवण्याचे ते साधन होते. शके ११०८ मधील परळ येथील अपरादित्याच्या लेखाच्या शेवटी हा शाप मराठीत शब्दांनीही कोरलेला असून आरंभीच्या मराठीचा नमुना म्हणून तो भाषाभ्यासकांना परिचित आहे.

गुप्तधन शोधणारे हेच चित्र वेगळ्या रीतीने वाचतात. कलश म्हणजे मोहरांचा हंडा, चंद्र-सूर्य म्हणजे खोदण्याची वेळ, गाढव म्हणजे धन वाहून नेणारे जनावर आणि शाप म्हणजे धनाला घातलेला बंध, असा अर्थ ते लावतात. काही गावांत हीच शिळा अशुभ मानून पालथी घातली जाते किंवा पुरली जाते, तर काही ठिकाणी तिला शेंदूर लावून तिची देवता म्हणून पूजा होते.

वीरगळ व सतीशिळा

लढाईत, गुरे परत मिळवताना किंवा गावाचे रक्षण करताना मरण आलेल्या वीराचे स्मारक म्हणजे वीरगळ. त्यावरील चित्रपट्ट्या खालून वर वाचायच्या असतात. खाली लढाई व मृत्यू, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, असा त्यांचा क्रम असतो. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ही मारणारी जहाजे व समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसतो. हा हात कोणतीही दिशा दाखवीत नाही. बांगड्या या सौभाग्याचे चिन्ह आहेत.

भूमापनाच्या खुणा व मैलाचे दगड

बाणाचा आकार कोरलेला दगड नकाशाचा भाग मानण्याचा मोह सर्वांत अधिक होतो. ब्रिटिश काळातील भूमापनात समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवण्यासाठी आडव्या रेघेखाली बाण कोरण्याची पद्धत होती. १८०२ साली सुरू झालेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाने डोंगरमाथ्यांवर व किल्ल्यांवर आपली ठाणी उभारली. मुंबईत सेंट थॉमस चर्चपासूनचे अंतर रोमन आकड्यांत सांगणारे मैलाचे दगडही सापडले आहेत. अशा दगडावरील आकडा मोजणी त्या चर्चपासून किती मैल आली एवढेच सांगतो.

खळगे व पटखेळ

लेण्यांच्या ओसऱ्यांत, घाटवाटांवर आणि किल्ल्यांच्या जोत्यांवर ओळीने कोरलेले लहान खळगे किंवा एकात एक असे चौकोन दिसतात. त्यांपैकी बरेचसे मंकळा, नवकंकरी यांसारख्या बैठ्या खेळांचे पट आहेत. पहारेकरी, व्यापारी व वाटसरू यांनी विसाव्याच्या वेळी ते कोरले असावेत, असे मानले जाते. काही खळगे मांडवाचे वा निशाणाचे खांब रोवण्यासाठी असतात.

कातळशिल्पे

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर माणसे, मासे, हत्ती, पक्षी आणि भौमितिक आकृत्या कोरलेल्या आहेत. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आहे. दूरवर पसरलेल्या रेषांमुळे ही शिल्पे पाहणाऱ्याला नकाशासारखी भासू शकतात. ती प्रागैतिहासिक काळातील असावीत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे नाणी प्रचारात येण्याच्या कितीतरी आधीची. कोकणातील नऊ कातळशिल्प स्थळांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. त्यांपैकी आठ महाराष्ट्रात व एक गोव्यात आहे.

शिलालेखांतील जागेचे वर्णन

महाराष्ट्रातील लेखांत जागा दाखवण्याची रीत रेषांची नसून शब्दांची आहे. दान दिलेल्या जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे हे लेखात नमूद केले जाई. तिला चतुःसीमा किंवा आघाट म्हणतात. पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस वाट, उत्तरेस मोठे झाड, अशी ही नोंद असे. आजच्या सात-बाराच्या उताऱ्याजवळ किंवा खरेदीखतातील चतुःसीमेजवळ तिचे नाते आहे. असा लेख सर्वांना दिसावा व त्याबाबत वाद होऊ नये म्हणूनच तो दगडावर कोरून उघड्यावर उभा केला जाई. दगड मूळ जागेवरून हलवला की 'ही जमीन' म्हणजे कोणती जमीन, हे कळण्याचा एक मोठा आधार नाहीसा होतो. या लेखांतून जुनी ग्रामनामे, करपद्धती, नाणी, अधिकाऱ्यांची पदे आणि मराठीची जुनी रूपे समजतात. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथाने अशा लेखांच्या वाचनाचा पाया भक्कम केला.

प्रत्यक्षात सापडलेले निधी

जमिनीत धन सापडतच नाही असे नाही. संकटकाळी दागिने व नाणी मडक्यात घालून पुरण्याची चाल जुनी आहे.

• नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. ही नाणी क्षत्रप राजा नहपान याची असून त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवला होता. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा हा भक्कम पुरावा ठरला.

• कोल्हापूर येथील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यातील पोसायडन या समुद्रदेवतेच्या मूर्तीमुळे रोमन जगाशी असलेला दख्खनचा व्यापार उजेडात आला.

• अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका ग्रामस्थाला झुडपाचे मूळ खणताना ब्राँझचे रथ, म्हैस, हत्ती व गेंडा सापडले. त्यांचे एकूण वजन ६० किलोंहून अधिक आहे.

या साठ्यांपासून मिळालेली माहिती ही त्यांच्या धातूच्या किमतीहून फार मोठी आहे. जोगळटेंभीची नाणी वितळवली गेली असती तर हाती काही किलो चांदी आली असती आणि पुनर्मुद्रणाचा पुरावा कायमचा गेला असता.

दुष्परिणाम

वारशाची हानी

कोरीव दगडाच्या पायथ्याशी खणल्यामुळे तो कलतो, पडतो किंवा भंगतो. दगडाच्या पोटातच धन आहे असे समजून तो फोडलाही जातो. ओसाड मंदिरांतील शिवलिंगे, नंदी व उंबरठे यांखाली खणण्याचे प्रकारही होतात. खणल्यामुळे मातीचे थर विस्कटतात व त्या जागेचा काळ ठरवण्याचे साधन नष्ट होते. शहरीकरण झालेल्या भागांत रस्ते व इमारतींच्या कामांमुळे अशा दगडांना आधीच धोका असतो. त्यात या समजुतीची भर पडते.

मनुष्य व प्राणी यांचे बळी

परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली व स्त्रिया यांच्या हत्यांची मालिका घडली. गुप्तधनाचा लोभ व अंधश्रद्धा ही या हत्यांमागील कारणे असल्याचे तपासात पुढे आले. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी केलेला हा तपास महाराष्ट्राच्या गुन्हे-इतिहासात प्रसिद्ध आहे. धन शोधून देतो असे सांगून पूजेच्या खर्चासाठी पैसे उकळण्याची फसवणूकही नित्याची आहे. पैसा लुबाडला गेला तरी स्वतःही बेकायदा कामात सामील असल्यामुळे फसलेला मनुष्य तक्रार करण्यास कचरतो. धन दाखवतो या समजुतीपायी मांडूळ सापाची तस्करी होते. हा निरुपद्रवी, बिनविषारी साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे.

कायदेशीर तरतुदी

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८

जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती सापडणाऱ्याने तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा व दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्याबद्दल तारण द्यावे लागते. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावे मागवतात. निधी बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. ऐतिहासिक महत्त्वाचा निधी शासन त्याच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम देऊन घेऊ शकते. निधी लपवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायदा मोठा वाटा देतो व लपवणाऱ्याला काहीच ठेवीत नाही.

पुरातत्त्वविषयक कायदे

केंद्राच्या १९५८ च्या व राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या अधिनियमांनुसार संरक्षित स्थळी विनापरवाना खणणे व स्मारकाची नासधूस करणे हा गुन्हा आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प किंवा लेख 'पुरावशेष' ठरतो व खासगी व्यक्तीला त्याची निर्यात करता येत नाही.

जादूटोणाविरोधी कायदा, २०१३

नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्र शासनाने प्रथम अध्यादेश काढला व त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा संमत केला. गुप्तधनाच्या शोधासाठी अमानुष व अघोरी कृत्ये करणे, तसेच नरबळी देणे वा देण्याचा प्रयत्न करणे यांचा या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

कोरीव दगडांची नोंद व जतन

कोरीव दगड आढळल्यास तो जागेवरून न हलवता त्याची छायाचित्रे, मापे व नेमके ठिकाण नोंदवणे आणि तहसील कार्यालयास किंवा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास कळवणे ही योग्य रीत होय. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल किंवा रंग लावल्याने दगडाची हानी होते; तिरप्या उन्हात किंवा बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून काढलेल्या छायाचित्रात झिजलेली अक्षरेही पुष्कळदा वाचता येतात. ओल्या कागदावर लेखाचा ठसा घेण्याचे काम जाणकारांनीच करावयाचे असते. दगडाशी निगडित स्थानिक कथा, त्याचे गावातील नाव आणि तो पूर्वी कोठे होता याविषयी वृद्धांना असलेली माहिती यांची नोंदही तितकीच उपयुक्त असते.

ज्या गावांत लेखाचा अर्थ ग्रामस्थांना समजावून सांगितला गेला, तेथे दगडाभोवती कट्टा बांधणे, माहितीफलक लावणे अशी कामे लोकांनी स्वतः केल्याची उदाहरणे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात कातळशिल्पांच्या शोधाला व जतनाला सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांनी गती मिळाली. या कामात सड्यावर गुरे चारणाऱ्यांनी दिलेली माहिती मोलाची ठरली.

हे सुद्धा पहा

• गधेगाळ
• वीरगळ
• शिलाहार राजवंश
• कोकणातील कातळशिल्पे
• बेलापूर किल्ला
• जादूटोणाविरोधी कायदा